अडखळलं की काढायचं

दादाने हातातलं घड्याळ काढून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं, की त्या घरात कुणी भांडं आपटायचं नाही, नळ सोडायचा नाही, आणि शिंक आली तर ती गिळायची, असा नियम होता. घड्याळ का काढायचं, तर वाचताना हात टेबलाला लागला की पट्टा वाजतो आणि तो आवाज माइकमध्ये जातो. आता माइक कुठला आणि काय कुठला! रेडिओवर बातम्या वाचायची नोकरी संपून दादाला जमाना झाला होता. पण सवय ती सवय. घड्याळ काढायचं, कोमट पाण्याचा घोट घ्यायचा, खाकरायचं आणि मान वर न करता हात पुढे करायचा. "हं. दे, बबे."

बबी म्हणजे त्याची धाकटी बहीण. बाहेर लोक तिला मोठी कादंबरीकार म्हणत, सभेत पहिल्या रांगेत बसवत. घरात ती बबी. केस पांढरे झाले, जिना चढताना गुडघे कुरकुरू लागले, तरी दादाच्या तोंडी बबीची बाई काही झाली नाही.

तर या बबीची कामाची एक पद्धत होती. दिवसभर लिहायचं, संध्याकाळी दोन गल्ल्या ओलांडून दादाकडे यायचं आणि लिहिलेली पानं त्याच्या टेबलाच्या खणात ठेवून द्यायची, म्हणजे आपला हात पुन्हा त्यांना लागायला नको. सकाळी दादाने ती पहिल्यांदाच हातात घ्यायची आणि मोठ्याने वाचायची. आधी नजरसुद्धा टाकायची नाही. बबीने समोर पेन्सिल घेऊन बसायचं. दादाची जीभ जिथे अडखळेल, ते वाक्य काढायचं. वाद नाही, खुलासा नाही, रडारड नाही. दादा म्हणे, "तुला काय म्हणायचं होतं ते मला सांगू नकोस. ते कागदावर असतं तर मी अडखळलो नसतो."

पहिल्या पुस्तकापासून हे चाललं होतं, आणि त्यात तथ्य होतं. ज्या माणसाने आयुष्यभर पूर, युद्धं, निवडणुका आणि तोंडात न मावणारी परदेशी नावं एका दमात वाचली, तो तुमच्या वाक्यावर अडखळला, तर खोट वाक्यातच असणार. बबीचा यावर ठाम विश्वास होता. नवी लिहिणारी मंडळी तिला विचारत, वाईट वाक्य ओळखायचं कसं? ती म्हणे, "घरात एक दादा ठेवा."

या खेपेला मात्र दादाने वात आणला होता.

पूर्वी एका प्रकरणात एखाद-दुसरं वाक्य जायचं. आता पानापानावर कत्तल. लांब वाक्य तर दादासमोर टिकतच नव्हतं, आणि आताशा आखूडही टिकेना.

"आत्या खाली वाकली," दादा वाचत होता, "आणि तिने फर... फरशीवरचे... फर..." तो थांबला. पान टेबलावर ठेवलं. "काढ."

"दादा, 'फरशीवरचे स्क्रू गोळा केले' यात अडखळण्यासारखं काय आहे?"

"मला काय विचारतेस? लिहिलंयस तू."

"अरे, यापेक्षा सोपं वाक्य मी कुठून आणू? स्क्रू गोळा केले. झालं. लहान मूलसुद्धा वाचेल."

"मग लहान मुलाकडून वाचून घे," दादा म्हणाला आणि कोमट पाणी प्यायला.

बबीने पेन्सिल इतक्या जोराने ओढली की टोक तुटलं. खिडकीखाली सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे कुणीतरी वाकडं चाक ठोकून सरळ करत होतं, आणि अडखळण्याचं खापर दादा कधी त्या ठोक्यांवर फोडायचा नाही, दोष सगळा वाक्यांच्याच माथी. बबीच्या डोक्यात तो हातोडा पडत होता. तिने स्क्रू काढले. स्क्रू गेले म्हटल्यावर आत्याने खाली वाकायचं कारणच उरलं नाही, म्हणून आत्याचं वाकणंही काढलं. असं करता करता त्या पानावर एक रेडिओ आणि एक संध्याकाळ एवढंच शिल्लक राहिलं.

ही कादंबरी साधी नव्हती. आईबापांविना आत्याकडे वाढलेल्या दोन भावंडांची होती, म्हणजे त्या दोघांचीच होती. त्यातला थोरला एक दिवस आत्याचा रेडिओ उघडून बसतो, आत माणसं कुठे बसतात ते बघायला. उघडतो, पण त्याला परत जोडता येत नाही. आत्या दारात उभी राहते तेव्हा तो धाकटीकडे बोट दाखवतो. "हिने पाडला." धाकटी त्या दिवशी उपाशी झोपते. हे सगळं जसंच्या तसं घडलेलं होतं. त्यानंतर दोघं म्हातारी व्हायला आली, पण त्या रेडिओचा विषय कुणी काढला नव्हता. बबीने तो आता काढला होता, आणि नेमकं याच प्रकरणापासून दादाची जीभ जागोजागी ठेचकाळू लागली होती.

बबीच्या मनात पाल चुकचुकली. हा मुद्दाम करतोय. तोंडाने "हे लिहू नकोस" म्हणायची हिंमत नाही, म्हणून एकेक वाक्य अडखळून मारतोय.

ती तरातरा स्वयंपाकघरात गेली. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"वहिनी, हा मुद्दाम करतोय."

"काय मुद्दाम?"

"अडखळणं. रेडिओचं लिहिलंय ना मी, ते झोंबलंय त्याला."

वहिनीने एक टॉवेल उलगडला आणि पुन्हा त्याच घडीवर घातला. "मला काय कळतंय तुमच्या लिहिण्यातलं, बबीताई," ती म्हणाली. वहिनीला लिहिण्यातलं चांगलं कळत होतं, पण बबी रागात होती आणि रागात माणूस टॉवेलाकडे बघत नाही.

तेवढ्यात, पाठवलेली प्रकरणं वाचून संपादकाने बोलावून घेतलं. संपादक भला माणूस होता, पण त्याला वाईट बातमी गोड करून सांगता येत नसे. त्याच्या केबिनमध्ये खुर्चीवरसुद्धा बाडं होती. त्यांतलं एक उचलून त्याने बबीला बसायला जागा केली.

"बाई, ही हाडं आहेत," तो म्हणाला. "मांस कुठंय? रेडिओचा प्रसंग तुम्ही मला सांगितलात तेव्हा मी तो घरी जाऊन बायकोला सांगितला होता. ती जेवता जेवता थांबली. आणि इथे वाचतो तर काय, रेडिओ मोडला, संध्याकाळ झाली. पुढे?"

"कापलं."

"कुणी?"

"दादाने."

संपादकाने हातातलं बाड खाली ठेवलं. दादाच्या पद्धतीबद्दल त्याला ठाऊक होतं. तिच्या प्रत्येक पुस्तकाच्या वेळी त्याने ती कौतुकाने ऐकली होती. "मग दादांना विचारा, त्यांना हे पुस्तक हवंय का. कारण असं तर मी ते छापणार नाही. तुमचं नाव खराब होईल आणि शिव्या मला पडतील. तुमच्या मनाने एकदा भरून आणा. नाहीतर सोडून द्या."

सोडून द्या! ज्या पुस्तकासाठी ती आयुष्यभर बाकीची पुस्तकं लिहीत आली, ते सोडून द्या! बबी पायऱ्या उतरली ती गुडघ्यांना विसरूनच. तळपायाची आग मस्तकात गेली होती. दादाला शब्दांत पकडणं शक्य नव्हतं, त्याला रंगेहाथच पकडायला हवं होतं. आणि चालता चालता तिला युक्ती सुचली.

घरी येऊन तिने स्वतःचं पहिलं पुस्तक काढलं. त्यात एक परिच्छेद होता, जो दादाला तोंडपाठ होता. घरी कुणी पाहुणा आला की दादा तो म्हणून दाखवायचा आणि वर म्हणायचा, "हे वाचलं आणि मला कळलं, आमची बबी लेखिका आहे." बबीने तो परिच्छेद नव्या पानावर टाइप केला, पात्रांची नावं बदलली आणि ते पान संध्याकाळी खणातल्या गठ्ठ्यात मधोमध सरकवलं. आता बघू म्हणावं. आपल्याच लाडक्या वाक्यावर अडखळलास, की तुझं सोंग उघडं पडलं.

सकाळी घड्याळ निघालं. पाणी झालं. खाकरणं झालं. पहिल्या दोन पानांवर नेहमीप्रमाणे मुडदे पडले. बबी एक शब्द बोलली नाही, पेन्सिल ओढत राहिली. उलट तिला आतून गुदगुल्या होत होत्या.

मग ते पान आलं.

"दार उघडं होतं," दादाने वाचलं, "पण घरात शि... शिरायला कुणाला तरी..." तो थांबला. पुन्हा सुरुवात केली. "घरात शिरायला कुणाला तरी हा... हा..." बोट ओळीवर टेकलं आणि तिथेच राहिलं. "काढ," तो म्हणाला.

"काढू?"

"काढ म्हटलं ना."

बबीने पेन्सिल खाली ठेवली. हा क्षण तिने रात्री अंथरुणात चार वेळा घोळवला होता. "दादा, हे माझ्या पहिल्या पुस्तकातलं आहे. तुझं लाडकं. पाहुण्यांसमोर म्हणतोस ते. चांगलं वाक्य आहे ना? की आता तेही वाईट झालं? कागद सोड. डोळे मीट आणि पाठ म्हण बघू. म्हणून दाखव, म्हणजे तुझं सोंग उघडं पडेल!"

दादाने खरंच डोळे मिटले. मिटले नसते तर बरं झालं असतं, असं बबीला नंतर किती वेळा वाटलं.

"दार उघडं होतं," तो म्हणाला, "पण घरात शिरायला कुणाला तरी... कुणाला तरी..." ओठ हलले. उजवा हात वर आला आणि तोंडाशी गेला, लांबच्या माणसाला बोलावताना आपण नेतो तसा. "ते... आपण लांबून... तोंडाने... अगं ते..." शब्द होता 'हाक'. दारात उभं राहून हाक मारायची, एवढंच ते वाक्य सांगत होतं. दादाला हाक कळत होती, हाताने करून दाखवता येत होती. फक्त म्हणता येत नव्हती.

खाली दुकानातला ठोकणारा नेमका तेव्हाच थांबला. बबी जिंकली होती आणि तिला कुठे बघावं ते कळेना.

वहिनी दारात येऊन उभी होती. "सांगा आता," ती दादाला म्हणाली. "नाहीतर मी सांगते." आणि तिनेच सांगितलं. "बरेच दिवस झाले, बबीताई. तुम्ही संध्याकाळी पानं ठेवून जाता ना, ती हे पहाटे काढून घेतात. बाथरूममध्ये नळ सोडून पुन्हा पुन्हा म्हणतात. तरी सकाळी व्हायचं तेच होतं. डॉक्टरकडे चला म्हटलं तर माझ्यावरच डाफरतात. आणि बबीला सांगितलंस तर खबरदार, म्हणाले."

आधी नजर टाकायची नाही, हा नियम दादाचाच होता.

चांगली बहीण असती तर अशा वेळी भावाचा हात हातात घेतला असता. बबी भडकली. "तुला ठाऊक होतं? तुला ठाऊक होतं, आणि तू मला 'काढ' म्हणत बसलास? माझी प्रकरणंच्या प्रकरणं मी तुझ्या शब्दाखातर कापली, दादा! रात्र रात्र विचार करत बसले, की मला आता लिहिता येत नाही, मी संपले. रेडिओ तू मोडलास आणि उपाशी मी झोपले. म्हातारा झालास तरी तेच? मोडतं तुझं आणि बोट माझ्याकडे?"

"बबीताई," वहिनी म्हणाली.

"नाही वहिनी. तो आजारी आहे म्हणून मी रागावूही नको?"

दादा टेबलावरच्या घड्याळाकडे बघत होता. "मला वाटायचं," तो हळूहळू म्हणाला, "की एखादं तरी... वाक्य खरंच वाईट निघेल." आणि मग, बऱ्याच वेळाने, "म्हणजे मी बरा."

बबी उठली आणि डॉक्टरची वेळ घ्यायला फोनकडे गेली.

डॉक्टरांनी चित्रं दाखवली, हे काय ते काय विचारलं. दादाने कात्रीला कात्री म्हटलं, छत्रीला छत्री म्हटलं आणि शिडीपाशी अडला. समजतंय सगळं, डॉक्टर म्हणाले, शब्द जिभेपर्यंत यायला उशीर लागतोय. हे थांबणार नाही, पण सावकाश जाईल. बोलत ठेवा. दादा बाहेर येऊन म्हणाला, "चित्र वाईट काढलं होतं शिडीचं." तेव्हा मात्र बबीला हसू आलं, आणि ते आवरताना नाक पुसावं लागलं.

आता पुस्तक. बबीला वाटलं होतं तेवढं ते सोपं नव्हतं. कापलेलं सगळं तिच्याकडे होतं, परत आत घातलं की झालं, असा तिचा हिशेब. घालायला बसली आणि डोकं धरलं. कारण कापलेल्यातली काही वाक्यं खरोखरच भिकार होती. ती जायलाच हवी होती! पूर्वीच्या दादाने ती तशीच काढली असती. आता कुठलं वाक्य दादाने काढलं आणि कुठलं दुखण्याने, हे सांगणार कोण? एका ओळीवर ती अख्खी दुपार घालवायची, आत घालायची, बाहेर काढायची, मग स्वतःच्या कपाळावर हात मारायची. जन्मभर दुसऱ्याच्या जिभेवर लिहिलं की असं होतं. स्वतःची जीभ कशासाठी असते तेच ती विसरली होती.

शेवटी पानं काखोटीला मारून ती दादाकडे गेली. "मी वाचते. तू ऐक."

"तू?" दादाच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जुनी तुच्छता उमटली. बबी वाईट वाचायची. घाईत वाचायची, वाक्याचा शेवट गिळायची.

"मग आण दुसरं कुणी."

दुसरं कुणी नव्हतं. रोज सकाळी बबी वाचू लागली आणि दादा खुर्चीत बसून तळमळू लागला. घड्याळ त्याच्या हातातच असायचं, कारण वाचायचं त्याला नव्हतं. "सावकाश," तो म्हणे. "श्वास घे." "हे काय, बाजार... बाजाराची यादी वाचतेस?" शब्द सापडला नाही की हाताने टेबल थोपटायचा. पण ऐकायचा मात्र पूर्वीइतकाच कडक. खरोखर वाईट वाक्य आलं की बबीची जीभ आपोआप घसरायची आणि दादा म्हणायचा, "काढ." हा एक शब्द त्याच्या तोंडून कधीच अडखळत नसे. सगळे शब्द जातील आणि हा मागे राहील, असं बबी चिडून वहिनीला म्हणाली. आत्या पुन्हा खाली वाकली. स्क्रू परत आले. पुस्तकाला अंग भरू लागलं.

असं करत शेवटचं पान आलं. ते बबीने नुकतंच लिहिलं होतं, दादाला त्याचा पत्ता नव्हता. रेडिओच्या प्रसंगानंतरचा दुसरा दिवस. धाकटी सकाळच्या शाळेतून सुटते, थोरल्याशी बोलायचं नाही असं ठरवून निघते आणि बघते.

"थोरला फाटकापाशी उभा होता," बबीने वाचलं. "त्याची शाळा केव्हाच भरली होती, माझी आत्ता कुठे सुटत होती, आणि त्याच्या हातात... हातात..." ती थांबली. पुन्हा वाचायला गेली आणि पुन्हा त्याच जागी अडली.

"काढ," दादा म्हणाला.

"नाही."

"अडखळलीस."

"अडखळले. नाही काढणार. नियम आधी तू मोडलास."

दादाने टेबल थोपटलं. बबी ढिम्म. दोघंही त्या क्षणी आत्याच्या घरातल्या पोरांइतकीच हट्टी दिसत होती. मग दादाने मनगट वळवलं, पट्टा सोडला आणि घड्याळ टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं. स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो बंद झाला. पाण्याचा एक घोट. खाकरणं.

"हं. दे, बबे."

बबीने पान दिलं. हातातली पेन्सिल तिने सवयीने सज्ज धरली.

"थोरला," दादाने वाचलं, "फा... फाटकापाशी उभा होता. त्याची शाळा..." इथे तो इतका वेळ थांबला की बबीला उठून बाहेर जावंसं वाटलं. "केव्हाच... भरली होती. माझी आत्ता... कुठे सुटत होती. आणि त्याच्या हातात... त्याच्या... हातात, रुमालात बांधलेलं, काल रात्रीचं... माझ्या वाट्याचं... जेवण होतं. त्यानेही ते खा... खाल्लं नव्हतं."

प्रत्येक शब्दावर तो ठेचकाळला होता. एकही त्याने सोडला नाही. पान त्याने आवाज न करता टेबलावर ठेवलं, रेडिओवर ठेवायचा तसं, आणि कितीतरी वेळ त्यावरून हात फिरवत राहिला. बबीच्या पेन्सिलीने कागदाला स्पर्श केला नव्हता.

"वाक्यात खोट नव्हती," दादा म्हणाला.

बबीने मान वर केली.

"वाच... वाचणाऱ्यात होती." तो तिच्याकडे बघत नव्हता, घड्याळाचा पट्टा लावत होता आणि त्याला ते भोक सापडत नव्हतं. "आधीपासून... माझ्यातच होती."

म्हातारपणी, त्या टेबलाशी, दादाने पहिल्यांदा बोट स्वतःकडे वळवलं होतं. बबीने पेन्सिल खणात टाकली, त्याचा हात ओढून घेतला आणि पट्टा लावून दिला. जरा घट्टच लावला.

"आता पहिल्यापासून वाच," दादा म्हणाला. "आणि शेवट गिळू नकोस."